जपानी आणि स्कॉच माल्टचं ब्लेंड कसं चाखावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी-स्कॉच ब्लेंड म्हणजे नेमकं काय?

जपानमध्ये गाळलेली आणि स्कॉटलंडमध्ये गाळलेली व्हिस्की एकत्र करून भरलेली बाटली. यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात फक्त माल्ट असतं, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीपासून पॉट स्टिलमध्ये (एकेक घाणा गाळणाऱ्या तांब्याच्या भांड्यात) काढलेली व्हिस्की. अशा बाटलीवर 'ब्लेंडेड माल्ट' लिहिलेलं असतं. दुसऱ्यात माल्टच्या जोडीला ग्रेन व्हिस्की असते: बहुधा मका किंवा गव्हाची, कॉलम स्टिलमधून (अखंड गाळणाऱ्या उंच नळकांड्यातून) काढलेली, हलकी आणि गोडसर. निक्का कंपनीची 'सेशन' पहिल्या प्रकारातली, तिचीच 'फ्रॉम द बॅरल' दुसऱ्या प्रकारातली.

आपल्याकडे 'ब्लेंडेड' म्हटलं की कमअस्सल असा एक समज आहे. त्याला कारणही आहे. भारतातल्या बऱ्याचशा स्वस्त व्हिस्कींमध्ये मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं आणि त्यात थोडं माल्ट मिसळलेलं असतं. इथे ज्या बाटल्यांबद्दल बोलतोय त्यांत मळीचा संबंध नाही.

मग तिला जपानी म्हणायचं की स्कॉच?

दोन्ही नाही. ब्रिटनच्या २००९ च्या नियमांनुसार स्कॉच ही स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच, ७०० लिटरपर्यंतच्या ओकच्या पिंपात, किमान ३ वर्षं मुरलेली असावी लागते. तिच्यात दुसऱ्या देशाची व्हिस्की मिसळली की 'स्कॉच' म्हणून विकण्याचा हक्क गेला.

जपानच्या बाजूने गोष्ट उशिरा स्पष्ट झाली. तिथल्या मद्य-कर कायद्याला परदेशी व्हिस्की मिसळण्याचं वावडं नव्हतं, त्यामुळे बाहेरून आणलेली व्हिस्की जपानी चेहऱ्याच्या बाटलीत सर्रास जात असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जपान स्पिरिट्स अँड लिकर्स मेकर्स असोसिएशनने निकष जाहीर केले: पाणी जपानचं, आंबवणं आणि गाळणं जपानमध्ये, मुरवणं जपानमध्ये किमान ३ वर्षं, बाटली भरणंही तिथेच, आणि किमान ४० टक्के अल्कोहोल. हे १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, जुन्या लेबलांना ३१ मार्च २०२४ पर्यंत मुदत होती. हा कायदा नाही, सदस्यांनी स्वतःवर घालून घेतलेला नियम आहे. 'फ्रॉम द बॅरल' या निकषांत पूर्ण बसत नाही हे निक्काने स्वतःच जाहीर केलं आहे. निकष उगमाबद्दल बोलतात, चवीबद्दल नाही. ती बाटली आधी जेवढी चांगली होती तेवढीच आजही आहे.

जपानी कंपन्यांना स्कॉटलंडचं माल्ट लागतंच कशाला?

स्कॉटलंडमध्ये डिस्टिलऱ्या एकमेकींशी पिंपांची देवाणघेवाण करतात. ब्लेंडरला, म्हणजे मिश्रण रचणाऱ्याला, डझनावारी डिस्टिलऱ्यांचं माल्ट सहज मिळतं. जपानमध्ये सनटोरी आणि निक्का हे दोन मोठे प्रतिस्पर्धी एकमेकांना थेंबही देत नसत. त्यामुळे त्यांनी दोन वाटा धरल्या. एक, एकाच आवारात वेगवेगळ्या आकारांची स्टिल्स, वेगवेगळी यीस्ट आणि पिंपं वापरून अनेक चवींची माल्ट काढायची. दुसरी, थेट स्कॉटलंडमध्ये डिस्टिलरी विकत घ्यायची. ताकारा शुझोच्या पुढाकाराने टोमॅटिन १९८६ मध्ये जपानी हातात गेली, निक्काने १९८९ मध्ये फोर्ट विल्यमची बेन नेव्हिस घेतली, सनटोरीने १९९४ मध्ये मॉरिसन बोमोर पूर्णपणे घेतली आणि तिच्यासोबत बोमोर, ऑकेंटोशन, ग्लेन गीरी आल्या. २०१४ मध्ये बीम कंपनी घेतल्यावर लफ्रोइग आणि आर्डमोरही सनटोरीकडे आल्या.

नव्या छोट्या डिस्टिलऱ्यांची अडचण वेगळी. स्वतःचं माल्ट मुरायला वर्षं लागतात, तोवर विकायचं काय? शिगा प्रांतातली नागाहामा २०१६ मध्ये सुरू झाली. तिची 'अमाहागान' ही मालिका स्वतःचं तरुण माल्ट आणि आयात केलेलं माल्ट मिळून बनते. चिचिबू डिस्टिलरीच्या इचिरो आकुतो यांचं 'माल्ट अँड ग्रेन'ही असंच अनेक देशांचं मिश्रण आहे. जपानी डिस्टिलऱ्यांनी आपापसात माल्ट बदलून घ्यायला अगदी अलीकडे सुरुवात केली. मार्स शिन्शू आणि चिचिबूची अदलाबदलीची बाटली २०२१ ची.

मुळात दोन्हीकडचं नातं जुनंच आहे. मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये स्कॉटलंडला गेले, ग्लासगोत शिकले, लाँगमॉर्न आणि कॅम्बेलटाउनच्या हेझलबर्न डिस्टिलरीत काम केलं, १९२० मध्ये रीटा कोवन यांच्याशी लग्न करून परतले. सनटोरीचे संस्थापक शिन्जिरो तोरी यांच्यासाठी त्यांनी यामाझाकी डिस्टिलरी उभी केली आणि १९३४ मध्ये योइचीला स्वतःची कंपनी काढली, तीच पुढे निक्का झाली.

सुरुवात कोणत्या बाटलीने करावी?

'सेशन'ने. २०२० मध्ये आलेली, ४३ टक्के, फक्त माल्ट: निक्काच्या योइची आणि मियागीक्यो या दोन डिस्टिलऱ्यांचं, सोबत बेन नेव्हिससह स्कॉटलंडचं. ग्रेन नसल्यामुळे घटक वेगळे काढायला सोपी.

त्यानंतर 'फ्रॉम द बॅरल'. १९८५ पासूनची, ५१.४ टक्के, ५०० मिलीची ठेंगणी चौकोनी बाटली. मिश्रण केल्यावर ती पुन्हा काही महिने जुन्या पिंपात ठेवतात, त्यामुळे घटकांमधल्या सांध्यावरून बोट फिरवलं तरी तो हाताला लागत नाही. शिकण्यासाठी म्हणूनच ती दुसऱ्या क्रमांकावर.

सनटोरीची 'आओ' (२०१९, ४३ टक्के) पाच देशांची आहे: जपान, स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा. चवीला छान, पण जपान-स्कॉटलंड अभ्यासासाठी फार गर्दी. अमेरिकन व्हिस्कीचा व्हॅनिला बाकीच्यांवर पांघरूण घालतो.

संग्राहकांच्या जगात 'द ग्लोव्हर' हे नाव येतं. स्कॉटलंडच्या अॅडेल्फीने २०१५ मध्ये काढलेली ही बाटली, जपानच्या हान्यू डिस्टिलरीचं माल्ट स्कॉच माल्टमध्ये मिसळलेली. हान्यूचं जुनं उत्पादन २००० मध्ये थांबलं, त्यामुळे ते माल्ट आता मोजकंच उरलं आहे. नाव थॉमस ब्लेक ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याचं, जो १८५९ मध्ये नागासाकीला आला. चाखायला मिळाली तर नाही म्हणू नका. शिकण्यासाठी मात्र ती विकत घेण्याचं कारण नाही.

ग्लास कोणता, ओतायची किती?

खाली फुगीर, वर निमुळता ग्लास हवा. ग्लेनकेर्न उत्तम. नसेल तर शेरीसाठीचा छोटा ट्युलिपच्या आकाराचा ग्लास चालतो. आपला नेहमीचा सरळ, रुंद तोंडाचा ग्लास वासाला पसरवून टाकतो. साबणाचा किंवा लाकडी कपाटाचा वास ग्लासला लागलेला असतो, म्हणून आधी गरम पाण्याने विसळा आणि उलटा न ठेवता हवेत वाळू द्या.

माप १५ ते २० मिली. स्मॉल पेग ३० मिलीचा असतो, म्हणजे त्याहूनही कमी. जास्त ओतली की अल्कोहोलची वाफ ग्लासात भरून राहते आणि नाक सुरुवातीलाच बधिर होतं.

मे महिन्यात खोली ३३ अंशांवर असते. फरक पडतो का?

खूप. परदेशी पुस्तकात 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं ते १८ ते २२ अंशांचं. कोकणात किंवा विदर्भात उन्हाळ्यात त्याच व्हिस्कीतून अल्कोहोल आधी उडतं आणि फळांचे नाजूक वास त्याच्यामागे दडतात. ५१.४ टक्क्यांची बाटली तर नाकात झणझणते, मग लोक म्हणतात 'कडक आहे'.

उपाय साधा: ओतलेला ग्लास बशीने झाकून फ्रिजमध्ये ८ ते १० मिनिटं. त्याहून जास्त नको. १५ अंशांच्या खाली गेलं की वास मिटतो आणि तोंडात कडवटपणा पुढे येतो. बर्फाने थंड करू नका, पाण्याचं प्रमाण हाताबाहेर जातं.

वास घेण्याची रीत काय?

ओतल्यावर ५ ते १० मिनिटं थांबा. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर आणा. जिथे पहिल्यांदा वास कळतो तिथेच थांबा. नाक ग्लासात खुपसू नका. दोन-तीन सेकंदांचे छोटे श्वास, मग ग्लास बाजूला. दोन्ही नाकपुड्यांनी वेगवेगळा वास घ्या, बहुतेक वेळा एक नाकपुडी जास्त तल्लख असते. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवायचा नाही, तिरका करून एकदा भिंत ओली केली की पुरे.

नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगायचा सल्ला दुकानात मिळतो. त्याने एका तीव्र वासावर दुसरा चढतो, एवढंच. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या आणि मिनिटभर थांबा.

पहिला घोट जेमतेम एक मिलीचा, तोंडाला सवय होण्यासाठी. त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट ३ मिलीचा, जिभेवरून फिरवून १० सेकंद धरा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. धुराचा आणि लाकडाचा बराचसा भाग तेव्हाच कळतो.

पाणी घालायचं की नाही? 'दोन थेंब' पुरतात का?

घालायचं, आणि मोजून. एका थेंबात साधारण ०.०५ मिली पाणी असतं. २० मिली 'फ्रॉम द बॅरल'मध्ये दोन थेंब टाकले तर ताकद ५१.४ वरून जेमतेम ५१.१ टक्के होते. बाटलीजवळ ड्रॉपर घेऊन बसणाऱ्यांना हे सांगितलं तर राग येतो, पण हिशोब तोच आहे.

केमिस्टकडून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई नको. २० मिली 'फ्रॉम द बॅरल'साठी: ४६ टक्क्यांवर आणायला सुमारे २.३ मिली पाणी, ४० टक्क्यांवर ५.७ मिली, ३० टक्क्यांवर १४.३ मिली. २० मिली 'सेशन'साठी: ३५ टक्क्यांवर ४.६ मिली, ३० टक्क्यांवर ८.७ मिली.

क्रम असा ठेवा: आधी पाणी न घालता, मग ४६, मग ४० ('सेशन'साठी ३५, मग ३०). प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं थांबून पुन्हा वास. एका पायरीवर व्हिस्की उघडते, पुढच्या पायरीवर पातळ होऊन ढेपाळते, आणि ही जागा प्रत्येक बाटलीची वेगळी असते. व्यावसायिक ब्लेंडर वास घेताना सरळ २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात, कारण तिथे दोष लपत नाहीत. तसं पिण्यात मजा नाही, पण बाटलीबद्दल शंका असेल तर करून बघा.

पाण्याने वास का खुलतो याचं एक स्पष्टीकरण स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय अभ्यासातून मांडलं. ग्वायकोल हा धुरकट वासाचा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो. ताकद ५९ टक्क्यांच्या पलीकडे गेली की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढतात आणि तो आत ओढला जातो. धुराची ब्लेंड्स पाण्याने जास्त धुरकट का वाटतात ते यावरून कळतं.

नळाचं पाणी चालेल?

क्लोरीनचा वास येत असेल तर नाही. बोअरवेलचं जड पाणी तर मुळीच नाही. आरओचं किंवा साधं बाटलीतलं पाणी घ्या, आणि ते व्हिस्कीच्याच तापमानाचं असू द्या.

कोणता वास जपानचा आणि कोणता स्कॉटलंडचा, हे ओळखता येतं का?

देश ओळखता येत नाही, प्रक्रिया ओळखता येते. हा फरक लक्षात ठेवला नाही तर चाखणं हे अंदाजपंचे होऊन बसतं. 'नाजूक आहे म्हणजे जपानी, धूर आहे म्हणजे स्कॉच' हे वाक्य जितकं ऐकू येतं तितकंच चुकीचं आहे. 'सेशन'मधला धूर योइचीकडूनही येऊ शकतो आणि फळं स्कॉटलंडकडूनही.

योइचीची पॉट स्टिल्स आजही थेट कोळशाच्या आगीवर तापतात. तळ प्रचंड गरम होतो, त्यामुळे किंचित करपल्याची, भाजल्याची चव येते, माल्ट जड निघतं, आणि पीटचा (बार्ली वाळवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीचा) धूर त्यावर बसतो. मियागीक्योला वाफेने, सावकाश, मोठ्या आणि फुगीर मानेच्या स्टिल्समध्ये गाळतात. जड घटक मानेतूनच मागे परततात आणि सफरचंद, नाशपाती, फुलं असे हलके वास पुढे जातात. बेन नेव्हिस हे तेलकट, मेणचट, थोडं मांसल माल्ट आहे. ब्लेंडमध्ये ते मधला भरीवपणा देतं, म्हणजे घोट घेतल्यावर तोंडात जे वजन जाणवतं ते.

म्हणून 'सेशन' चाखताना तीन प्रश्न विचारा. फळं कधी येतात? वजन कधी येतं? धूर कधी येतो? साधारणपणे फळं नाकात आणि जिभेच्या टोकाशी, वजन मध्यावर, धूर गिळल्यानंतर. हा क्रम ब्लेंडरने रचलेला असतो, आणि चाखण्यासारखं जे आहे ते हेच.

हे ऐकून कळत नाही. घरी कसं करून बघायचं?

चार ग्लास. योइची (४५ टक्के), मियागीक्यो (४५ टक्के), बेन नेव्हिस १० वर्षं (४६ टक्के) आणि 'सेशन'. प्रत्येकी १० मिली. सगळ्या बाटल्या एकट्याने घेणं खिशाला परवडणारं नाही, म्हणून चौघांनी मिळून एकेक आणावी.

क्रम मियागीक्यो, बेन नेव्हिस, योइची, शेवटी 'सेशन'. हलक्यापासून जडाकडे, धूर शेवटी. योइची आधी घेतली तर मियागीक्योची फुलं पुढचा अर्धा तास कळणार नाहीत. प्रत्येकीचे दोन-तीनच शब्द कागदावर लिहा, मराठीत. 'स्टोन फ्रूट' लिहून उपयोग नाही, ते फळ तुमच्या नाकाने लहानपणापासून ओळखलेलं नसतं. पिकलेलं केळं, काकवी, मनुका, भिजलेलं गवत, लवंग, ओलं खोबरं, नवी चप्पल, विझलेली चूल हे शब्द कामाचे आहेत. त्यातले काही रसायनशास्त्रालाही धरून आहेत: केळ्याचा वास आंबवताना तयार होणाऱ्या आयसोअमाइल अॅसिटेटचा, लवंगेचा युजेनॉलचा, खोबऱ्याचा ओकच्या लाकडातल्या लॅक्टोनचा.

मग 'सेशन' घ्या आणि त्या कागदावरचे कोणते शब्द पुन्हा भेटतात ते बघा. जे भेटत नाहीत तेही लिहा. नवीन आलेले असतील, म्हणजे कोणत्याही ग्लासात न सापडलेले, तर ते मिश्रणातून उमटलेले किंवा इतर स्कॉच माल्टचे.

स्वतः ब्लेंड करून पाहता येईल?

याहून चांगला धडा नाही. वरच्याच बाटल्या घ्या. स्वच्छ ५० मिलीच्या छोट्या बाटलीत सिरिंजने २४ मिली मियागीक्यो, १२ मिली बेन नेव्हिस आणि २ मिली योइची. हलवा, चाखा. मग योइची अर्धा-अर्धा मिली वाढवत ४ मिलीपर्यंत न्या. एका टप्प्यावर फळं अचानक नाहीशी होतात, तिथून अर्धा मिली मागे या. योइचीऐवजी लफ्रोइगसारखं, स्कॉटलंडच्या आयला बेटावरचं जड धुराचं माल्ट असेल तर अर्ध्या मिलीपासून सुरुवात करा आणि १ मिलीवर थांबा.

झाकण लावून दोन दिवस ठेवा, शक्य असेल तर आठवडा. ताजं मिश्रण तुकड्या-तुकड्याने लागतं, नंतर ते एकजीव होतं. बिघडतं ते असं: धूर आधी ओतला जातो आणि मग तो दाबायला बाकी सगळं वाढवत बसावं लागतं. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातलं माल्ट आणि जड पीट एकत्र आलं की कधी जळक्या काडीचा, गंधकाचा वास वर येतो. आणि चार-पाचपेक्षा जास्त माल्ट घातली की चव 'तपकिरी' होते, काहीच वेगळं कळत नाही. कंपन्या शंभर घटक सांभाळतात, त्यांच्याकडे तसे ब्लेंडर असतात.

मिझुनाराचा वास कसा ओळखायचा?

मिझुनारा म्हणजे जपानी ओक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरचं लाकूड मिळेना, म्हणून तो वापरात आला. गाठाळ आणि सच्छिद्र असल्यामुळे पिंपं गळतात आणि तयार करणाऱ्याची कसोटी लागते. वास चंदन, अगरू, खोबरं असा. जपानी माणसं त्याला देवळातल्या धूपाची उपमा देतात, आणि उदबत्तीच्या घरात वाढलेल्या नाकाला तो युरोपियन नाकापेक्षा लवकर सापडतो. फक्त एक: बाटलीवर मिझुनारा लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा त्यातला एक छोटा हिस्साच त्या लाकडातून आलेला असतो. आणि चाखण्याच्या दिवशी देवघरात उदबत्ती लावलेली नसावी.

रंगावरून वय किंवा दर्जा कळतो?

नाही. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरमेल घालायला परवानगी आहे, जपानी निकषांतही आहे.

लेबलवर '१८ वर्षं' असेल तर ते कोणत्या माल्टचं वय?

सगळ्यात तरुण घटकाचं. ३० वर्षांच्या स्कॉचमध्ये ५ वर्षांचं जपानी माल्ट चमचाभर पडलं तरी लिहायचं ५. म्हणूनच अशा ब्लेंडवर बहुधा वय लिहिलेलंच नसतं.

चखणा काय ठेवावा?

चाखताना काहीही नको. चिवडा, कांदा-लिंबू, मसाला शेंगदाणे, खारे काजू, सगळं नंतर. तिखटाने तोंडात आधीच जळजळ असते आणि अल्कोहोल तीच वाढवतं, मग ४३ टक्केही ६० वाटतात. मध्ये काही खायचंच असेल तर बिनमिठाचे कुरमुरे किंवा साधा पाव. जेवणानंतर लगेच बसू नका, आणि पान, गुटखा, बडीशेप, पुदिन्याची टूथपेस्ट या चौघांनंतर किमान तासभर चव विश्वासार्ह नसते.

बर्फ किंवा सोडा घातला तर अपमान होतो का?

अजिबात नाही, जपानमध्ये ब्लेंड बहुतेक अशीच पितात. फक्त त्याला चाखणं म्हणू नका. हायबॉल करायचा तर उंच ग्लास काठोकाठ बर्फाने भरा, ढवळून ग्लास गार करा, साचलेलं पाणी ओतून टाका. ३० मिली व्हिस्की, पुन्हा ढवळा, मग फ्रिजमधला कडक थंड सोडा ९० ते १२० मिली, बर्फावर न आदळता कडेने. शेवटी चमचा एकदाच खालून वर उचलायचा. सोडा कोमट असेल किंवा जोराने ढवळला तर बुडबुडे मरतात आणि हायबॉल सपाट लागतो. 'सेशन' यात फार छान लागते, कारण सोड्याने धूर वर येतो.

बर्फ टाकल्यावर व्हिस्की गढूळ झाली. बनावट आहे का?

उलट, बहुधा चांगलं लक्षण आहे. पिंपातून आलेले तेलकट एस्टर थंडीत किंवा पाण्यात विरघळेनासे होतात आणि धुकं दिसतं. चिल-फिल्टर केलेल्या व्हिस्कीत ते आधीच काढून टाकलेले असतात.

काळजी करायची ती या वासांची. ओलसर तळघर किंवा भिजलेला पुठ्ठा: बूच बिघडलं आहे. नेलपॉलिश: ग्लासमध्ये दहा मिनिटांनी गेला तर ठीक, राहिला तर दोष. खवट लोणी किंवा ओकारीसारखा आंबटपणा: गाळण्याच्या आधीच्या टप्प्यातला दोष, पाण्याने आणखी वाढतो. जळकी काडी: शेरी पिंपाचा गंधक, काहींना आवडतो.

उघडलेली बाटली किती टिकते?

अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर वर्षभर आरामात. पाव उरली की दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा काचेच्या स्वच्छ क्वार्टरमध्ये काठोकाठ भरून ठेवा. हवेने आधी धूर आणि फुलांचे वास जातात, लाकूड आणि गोडवा उरतो. त्यामुळे जुन्या उघड्या बाटलीवरून ब्लेंडचा तोल ठरवू नका. बाटली उभीच ठेवायची. आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातं. उन्हाची खिडकी आणि फ्रिजचा माथा, दोन्ही जागा वाईट.

एका बैठकीत किती चाखाव्या?

चार, प्रत्येकी १० ते १५ मिली. पाचव्यापासून लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं की कळतं. थुंकायला वाटी ठेवायला लाजू नका, व्यावसायिक तेच करतात. गाडी चालवायची असेल तर चाखायचंच नाही. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ आहे आणि परमिट लागतं, गोव्यात अट २१ ची. परदेशातून येताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे 'फ्रॉम द बॅरल'च्या चार बाटल्या.

'अमृत फ्यूजन' हाही असाच दोन देशांच्या माल्टचा प्रकार आहे का?

नाही, हा गोंधळ नेहमी होतो. फ्यूजनमध्ये भारतीय बार्लीसोबत स्कॉटलंडहून आणलेली पीटच्या धुरावर वाळवलेली बार्ली वापरतात, पण दोन्ही बंगळुरूलाच गाळून तिथेच मुरवतात. धान्य बाहेरचं, व्हिस्की भारतीय, आणि सिंगल माल्टही. खरंखुरं भारत-स्कॉटलंड मिश्रण हवं असेल तर अॅडेल्फीचीच 'द किनकार्डिन' बघा, तिच्यात अमृतचं माल्ट स्कॉच माल्टबरोबर मिसळलेलं आहे. चाखायची पद्धत तीच, फक्त भारतीय माल्ट उष्ण हवेत लवकर लाकूड ओढतं, म्हणून तिथे पाणी एक-दोन मिली जास्त लागू शकतं.